दोन जर्शी आणि एक कालवड

आमचे घरमालक कुठलीही वस्तू आधी बोटाच्या सांध्यानं वाजवून बघायचे. पातेलं, दार, कलिंगड, पाण्याची टाकी, काहीही. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या स्कूटीच्या पत्र्यावर दोनदा टकटक केलं, मान वाकडी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "पत्रा लई पातळ हाय हो. भाडं तरी येळेवर येईल ना?"

कर्जत तालुक्यातल्या त्या गावी जनावरांच्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली होती. खोली भाड्यानं देणारं दुसरं घर गावात नव्हतं, म्हणून मी तिथं राहिले. नाहीतर ते अंगण बघून कुणीही शहाणं माणूस फाटकातूनच परत फिरलं असतं. अंगण कसलं, लोखंडाचं गोरक्षणच होतं ते. म्हातारे, भाकड, लंगडे नांगर एकमेकांना टेकून उभे होते. तव्यांचे नांगर, पलटी नांगर, सरी पाडायचे रिजर, फण गळालेले मोगडे, पेरणीच्या पेट्या, पट्ट्यावर फिरणाऱ्या पुल्या. ट्रॅक्टरच्या मागं जे जे म्हणून कधी कुणी जोडलं असेल आणि नंतर फेकून दिलं असेल, ते फिरत फिरत शेवटी इथं यायचं. पावसाळ्यात त्यावर गवत माजायचं. नडगी आपटली की कळायचं, इथं रिजर आहे.

मालक साखर कारखान्याच्या शेती विभागात स्टोअरकीपर होते. आयुष्यभर त्यांनी नटबोल्ट मोजून दिले आणि मोजून परत घेतले. निवृत्तीच्या सुमाराला कारखान्यानं जुनी अवजारं लिलावात काढली. भंगारवाल्यानं विलायती नांगर वजनावर उचललेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे दोन भाकरी गेल्या, पण तिसरी नको म्हणाले. त्या दिवसापासून ते जुनं लोखंड गोळा करायला लागले.

एवढी अवजारं दारात असून त्यातलं एकही त्यांच्या स्वतःच्या रानात कधी गेलं नाही. रान त्यांनी वाट्यानं दिलं होतं आणि वाटेकरी भाड्याचा रोटाव्हेटर आणायचा. रोटाव्हेटरचं नाव काढलं तरी मालकांचं तोंड कडू व्हायचं. "त्यो काय नांगर हाय? मातीचा मिक्सर हाय त्यो." मी एकदा म्हटलं, मग आपला एखादा नांगर द्या ना वाटेकऱ्याला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देव्हाऱ्यातल्या समईवर भाजी फोडणीला टाकायला सांगितलं होतं. "डॉक्टर, वापरलेल्या वस्तूची किंमत उतरती."

"वापरायलाच केलीत ना ती?"

"केली तवा केली. आता न्हाई."

त्या सगळ्या संसारातला मोठा देव म्हणजे चक्री करवत. लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध माझ्या कमरेएवढं उंच दातेरी चाक. ट्रॅक्टरच्या पुलीला रुंद पट्टा लावायचा, दुसरं टोक करवतीला, की चाक फिरायला लागतं. श्रीगोंद्याकडच्या एका गुऱ्हाळात ती पूर्वी बाभळीची लाकडं कापायची. गुऱ्हाळ बंद पडलं आणि मालकांनी करवत आणली. कशी आणली ते काकूंनी मला लसूण सोलता सोलता सांगितलं.

"माज्या म्हायेरनं म्हैस आनल्याली हुती. मुऱ्हा. दोन्ही येळचं दूध पुरून उतू जायाचं. ती दिली आन करवत आनली."

मालक ओट्यावरून म्हणाले, "करवतीला चारा लागत न्हाई."

"ती दूध बी देत न्हाई," काकू म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

तेव्हापासून त्या घरात दूध पिशवीतलं यायचं. बंबासाठी काकू रोज सकाळी कुऱ्हाडीनं लाकडं फोडायच्या, तीही करवतीच्या शेजारी बसून, कारण सावली तिथंच पडायची. करवतीचे दाते झिजतील म्हणून तिला लाकूड दाखवायची सुद्धा बंदी होती. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मालक जुना ट्रॅक्टर चालू करायचे. तो चालू व्हायलाच अर्धी सकाळ जायची आणि आळीतली चार माणसं ढकलून घामाघूम व्हायची. मग पट्टा चढायचा, चाक घुमायला लागायचं, कुत्री पळायची आणि मालक हळदकुंकू वाहून त्या अजस्र करवतीवर एक ऊस कापायचे. एकच. त्याचे तुकडे प्रसाद म्हणून वाटायचे. मीही हात पुढे करून घेतला आहे. उसाला काळ्या ऑइलचा वास यायचा, पण सगळे चावून खायचे, कारण मालक प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभे असायचे.

माणसांनाही ते लोखंडाच्याच मापानं मोजायचे. चांगला माणूस म्हणजे ओरिजनल. बाकीचे रंग मारलेले, नाहीतर वेल्डिंगचे. सरपंचांबद्दल मत विचारलं तर म्हणायचे, "वरनं रंग हाय, आत सगळी पुट्टी." जुन्या अवजाराला रंग देणाऱ्याला त्यांच्या लेखी क्षमा नव्हती. पुण्याकडचा एक रिसॉर्टवाला एकदा गाडी घेऊन आला. त्याला बागेत ठेवायला पाच-सहा नांगर हवे होते. मालकांनी त्याला चहा दिला, प्रत्येक नांगराची कुळकथा ऐकवली, उन्हात उभं करून फणांचे कोन दाखवले. तो बिचारा रुमालानं मान पुसत होता. शेवटी त्यानं पाकीट काढलं आणि सहज म्हणाला, "आम्ही यांना मस्त लाल-पिवळा कलर मारून घेऊ."

मालकांनी त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली. खरोखर. अर्धा चहा होता तिच्यात.

खरं वेड मात्र गोळा करण्याचं नव्हतंच, किंमत काढण्याचं होतं. त्याला ते 'व्ह्यालूशन' म्हणत. रविवारी सकाळी लोक यायचे. कुणाच्या बांधावर आजोबांच्या वेळचा मोगडा सापडलेला असायचा, कुणाच्या गोठ्यामागं पेरणीची पेटी. मालक चष्मा पुसून जायचे. वस्तू पाण्यानं धुवायला लावायचे, वाजवायचे, नखानं गंज खरवडून हुंगायचे. मग लांब जाऊन पाठमोरे उभे राहायचे. लोक श्वास धरून असायचे. किंमत ते रुपयात क्वचितच सांगत. "एका खोंडाची हाय," म्हणत. "एका बोअरची हाय." "पोरीच्या लग्नाचा मांडव निघंल ह्यात." आणि सांगून झाल्यावर हात जोडून, एक पैसाही न घेता घरी येत. फी घेत नाहीत म्हणून लोकांचा विश्वास जास्त होता.

त्या किमतीला कुणी काही विकलं असं मात्र मी एकदाही ऐकलं नाही. विकत घेणाराच नव्हता. पण किंमत सांगून झाली होती, आणि एकदा 'बोअरची' म्हटलेली वस्तू भंगारात कोण घालील? सगळ्या गावात गोठ्यांमागं, परसात, पत्र्याखाली लोखंड अडून बसलं. कर्जतचा भंगारवाला टेम्पो घेऊन यायचा आणि प्लास्टिकच्या दोन बादल्या घेऊन परत जायचा. एकदा तो दवाखान्यापाशी टेम्पो थांबवून मला म्हणाला, "म्याडम, तुमच्या मालकाला एखादं इंजेक्शन द्या की. गावाला लई आजार लावलाय त्यांनी."

मी हसले होते. सगळेच हसायचे. ओढ्यापलीकडच्या दोन भावांची वाटणी निघेपर्यंत ते हसण्यावारीच होतं.

थोरला दत्तू, धाकटा संपत. त्यांच्या गाई माझ्या रोजच्या फेरीतल्या, त्यामुळे घर माहितीचं. म्हातारी आई दोघांची मिळून एक, हौसाबाई, बोलायला कमी. वाटणी इतकी गोडीनं चालली होती की गावाला कंटाळा आला. रान वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, गाई वाटल्या. कुठली गाभण, कुठलीचं सड अधू, हे मलाच विचारून ठरवलं. आई तिला वाटेल त्याच्या चुलीवर जेवणार, असंही ठरलं. शेवटी पत्र्याखाली एक तव्यांचा नांगर उरला. वडिलांनी कुठल्याशा लिलावात घेतलेला. वडील गेल्यापासून त्यावर कोंबड्या बसायच्या.

दत्तू म्हणाला, "तू घे."

संपत म्हणाला, "मला काय करायचाय? तूच घे."

पंचांपैकी कुणाला तरी कागद पुरा करायची घाई होती. तो म्हणाला, किंमत किती धरायची ते सांगा, म्हणजे ज्याला नांगर जाईल त्याच्या वाट्यातून तेवढं वळतं करू. किंमत म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडात एकच नाव आलं.

मी तिथंच होते. गाभण गाय तपासायला गेले होते. मालक धुतलेला सदरा घालून आले. कोंबड्या हाकलल्या, नांगर धुतला. सांगाड्यावर एक पितळी पट्टी निघाली, ती त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि वाचता वाचता त्यांचे ओठ हलायला लागले. सगळे तवे एकेक करून वाजवले. मग ते लांब जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. वळले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

"असला नग म्या कारखान्यात बी बघितला न्हाई," ते म्हणाले. "दोन दुभत्या जर्शी. आन वर एक कालवड."

संपतची बायको दारातून पुढे आली आणि नांगराकडे बघायला लागली. दत्तूनं पत्र्याखालची कोंबडी उगाच आणखी लांब हाकलली. मालक हात जोडून घरी गेले. त्या दिवशी ते फार आनंदात होते. काकूंना सांगत होते, "माज्या हातून मोठं काम झालं आज."

दुसऱ्या दिवशी दत्तूनं नांगराला साखळी घालून कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी संपतनं त्याच साखळीत दुसरं कुलूप अडकवलं. दत्तूचं म्हणणं, वडील लिलावाला गेले तेव्हा बरोबर मी होतो. संपतचं म्हणणं, वडिलांचं आजारपण मी काढलं. इतकी वर्षं दोघांनीही या गोष्टी कधी काढल्या नव्हत्या. मग विहिरीच्या मोटारीची पेटी बंद झाली, कारण पाळी कुणाची यावर एकमत होईना. कांद्याचं रोप वाफ्यात पिवळं पडलं. अंगणाच्या मधून तारेचं कुंपण गेलं. म्हातारी कुठल्याच चुलीवर जेवेना. स्वतःपुरतं तीन दगडांवर शिजवून खायची.

मी मालकांना म्हटलं, "तुम्ही जाऊन काहीतरी सांगा त्यांना."

"काय सांगू? किंमत हाय ती हाय. भांडान त्यांचं हाय." आणि अभिमानानं पुढे म्हणाले, "पन बघा, वस्तूची कदर आली का न्हाई गावाला?"

त्या वेळी मला त्यांचा फार राग आला होता.

संपतची गाय अडली ती त्यानंतर. सकाळी मला बोलावणं आलं. वासराचा एक पाय मागं दुमडलेला होता. पाय सरळ करायला मला वेळ लागला. मग दोरी बांधून ओढायचं, तर माणसं हवीत. घरात संपत आणि त्याची बायको. शेजारपाजार रानात गेलेला. कुंपणापलीकडे दत्तू कडबा तोडत उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. हातातला कोयता ठेवून तो तारेपर्यंत आला, तारेवर हातही ठेवला. संपतनं त्याच्याकडे बघितलं नाही आणि हाकही मारली नाही. मीच ओरडले, "या ना अहो, लवकर." दत्तूच्या घरातून त्याच्या बायकोनं त्याला काहीतरी म्हटलं. तो तसाच उभा राहिला, मग मागं वळून गोठ्यात गेला.

मी मालकांना फोन केला. ते चपला पायात अडकवून जवळजवळ पळत आले. त्यांनी दोरी धरली. बारीक अंगाचा माणूस, आयुष्यभर कपाटातून नटबोल्ट काढून देणारा, जोर तो किती असणार. पण टाचा रोवून ओढत होते. ओढताना त्यांचा चष्मा शेणात पडला. वासरू आलं तेव्हा मेलेलं होतं. कालवड होती. कपाळावर पांढरा ठिपका.

गाय मान वळवून त्याला चाटायला लागली. संपत भिंतीला टेकून खाली बसला. मालकांनी गवतानं हात पुसले, तरी परत परत पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई आमच्या फाटकात आल्या. रविवार होता. किंमत काढून घ्यायला दोन माणसं आधीच ओट्यावर बसली होती. म्हातारी बसली नाही. पदर नीट करून मालकांच्या समोर उभी राहिली.

"आण्णा, तुमी नांगराचं मोल काढलं. मला त्यातलं कळत न्हाई, पन तुमचा शबुद खरा धरते. मग तुमीच घ्या त्यो."

मालक हसल्यासारखं करून म्हणाले, "मावशी, मी कसा घिऊ?"

"का? चांगला हाय म्हनला न्हवं?"

"चांगला हाय. लई चांगला हाय."

"दोन जर्शी आन एक कालवड सांगितली तुमी. कालवड काल गेली, ती फिटली समजा. ऱ्हायल्या दोन गाई. एक दत्तूच्या दावनीला बांधा, एक संपतच्या. नांगर घिऊन जा."

ओट्यावरची माणसं खाली बघायला लागली. मालकांनी घसा साफ केला. पेन्शनीचं काही बोलले, अंगणात जागा नाही असं काही बोलले. जागा नाही म्हणताना त्यांनी अंगणाकडे हात केला आणि तो हात तसाच हवेत राहिला.

काकू आतून आल्या. हातात पीठ होतं. "घ्या की," त्या शांतपणे म्हणाल्या. "मोल काढल्यापासनं तुमीच सांगताय ना, एवढ्यात बी फुकटात पडतोय म्हनून. म्हशीनंतर आता काय हाय आपल्याकडं ते बगू. ह्या पाटल्या हायेत."

"तू आत जा," मालक म्हणाले.

त्या गेल्या नाहीत. हौसाबाईच गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "घेनार न्हाईसा, तर मोल कशाला सांगता हो लोकास्नी?"

त्या दिवशी आलेल्या दोन माणसांची व्ह्यालूशनं झाली नाहीत.

दुपारभर मालक फोनवर होते. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. मला माझ्या खोलीत सगळं ऐकू येत होतं. त्यांच्या तोंडी नेहमी असणारे मोठमोठे संग्राहक एकेक करून फोनवर आले. सांगलीचे दादा, नाशिकचे अण्णा, मध्येच कुणी हिंदीत बोलणारे सरदारजी. मालक प्रत्येकाला पितळी पट्टीवरची अक्षरं तोंडपाठ म्हणून दाखवायचे, आणि पलीकडून प्रत्येक जण अस्सल आनंदानं ओरडायचा. सांगलीचे दादा तर म्हणाले, "दोन जर्शी? अहो, तुम्ही कमी सांगितलीत. तीन धरा."

"मग तुमी घेता का?" मालकांनी विचारलं.

दादा म्हणाले, "आपण घेत नसतो हो. आपण किंमत काढतो."

नाशिकच्या अण्णांची अडचण जागेची होती. सरदारजींचा फोन तिथंच तुटला आणि परत लागला नाही.

मंगळवारी मालक ओढ्यापलीकडे निघाले तेव्हा मी मुद्दाम गायीचं निमित्त काढून बरोबर गेले. धुतलेला सदरा नव्हता. त्यांनी दोन्ही भावांना पत्र्याखाली बोलावलं. दोघं आले, पण दोन बाजूंना उभे राहिले. हौसाबाई आपल्या तीन दगडांपाशी बसल्या होत्या. मालकांनी पाणी मागितलं, नांगर परत धुतला, परत वाजवला. मग खाली बसून सांगाड्याच्या पोटाखालून हात फिरवला, आणि बराच वेळ तो हात तिथंच होता.

"माजी नजर चुकली," ते म्हणाले.

"म्हंजे?" दत्तू म्हणाला.

"सांगाडा येल्डिंगचा हाय. मधला तवा मागनं बसवलाय. पट्टी बी दुसऱ्या नगाची, हितं आनून ठोकलीय कुनीतरी. ओरिजनल न्हाई ह्यो."

"मग मोल?"

"भंगाराचं. किलोवर."

संपतनं सावकाश शिवी दिली. दत्तूनं त्याच्यापेक्षा मोठी दिली. किती तरी दिवसांनी दोघं एकाच बाजूनं बोलत होते. यांच्या शब्दावर आम्ही कुलपं घातली, यांच्या शब्दावर रोप जाळलं, म्हातारपणी दुसरा धंदा नाही का, आणि बरंच. मालक उकिडवे बसून ऐकत होते. शेवटी संपतचा आवाज चिरकला. "माजी कालवड गेली ह्यात," तो म्हणाला. दत्तूनं खिशातून किल्ली काढली, आपलं कुलूप उघडलं आणि तारेपलीकडे जायच्या ऐवजी तिथंच, भावाच्या गोठ्यात जाऊन गाईसमोरची वैरण सारखी करायला लागला. करण्यासारखं तिथं काही नव्हतं, वैरण सारखीच होती.

परत येताना मी मालकांना विचारलं. मी काही लोखंडातली जाणकार नाही, पण गेली दोन-अडीच वर्षं त्यांच्या अंगणात राहून वेल्डिंगचा सांधा कसा दिसतो एवढं मला कळायला लागलं होतं.

"मालक, वेल्डिंग कुठं होतं? मला दिसलं नाही."

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुमी जनावरांचं बघा."

संध्याकाळी हौसाबाईंनी खरवसाचा डबा पाठवला. निरोप काही नव्हता. मालकांनी तो पुढ्यात घेऊन एकट्यानं संपवला, काकूंना किंवा मला विचारलं सुद्धा नाही.

नांगर त्याच आठवड्यात भंगारवाल्यानं नेला. मिळालेले पैसे भावांनी निम्मे-निम्मे केले. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. मालकांची नजर चुकते हे कळल्यावर गावानं आपापल्या परसातलं लोखंड बाहेर काढलं. बोअर गेली, खोंड गेलं, लग्नाचे मांडव गेले. टेम्पो रोज भरून जायचा आणि कर्जतची वाट आमच्या दारावरून. मालक ओट्यावर बसलेले असायचे. येणारे-जाणारे ऐकू जाईल असं म्हणायचे, इतकी वर्षं येड्याच्या नादी लागलो. ज्यांनी मेलेले मोगडे लाखाचे समजून जपले होते, त्यांचा राग सगळ्यात जास्त. मला वाटलं होतं, एक ना एक दिवस मालक उठून सांगतील की नजर चुकली नव्हती. त्यांनी सांगितलं नाही. एवढंच की टेम्पोत काय चाललंय ते बघायला त्यांची मान आपोआप लांब व्हायची, आणि एखादी पेरणीची पेटी वगैरे दिसली की डोळे मिटायचे.

एकदा भंगारवाल्यानं टेम्पो थांबवून, जरा मस्करीतच, विचारलं, "मालक, तुमचं बी काढता का? चांगला भाव देतो."

"जा तिकडं," मालक म्हणाले. "माजं ओरिजनल हाय."

म्हणजे माणूस सुधारला असं कुणी समजू नये. करवत तिथंच होती, काकू तिच्या शेजारी बसून लाकडं फोडत होत्या, दूध पिशवीतलंच येत होतं. कांदा मात्र दोन्ही भावांनी उशिरा का होईना लावला, आणि पाण्यावरून परत भांडल्याचं मी तरी ऐकलं नाही. तारेचं कुंपण दत्तूनं काढलं नाही. मधून जायला तेवढी वाट केली.

माझी बदली व्हायच्या आधीची एक सकाळ. गावचं कुणी आता रविवारी फिरकत नव्हतं, पण बाहेरगावी मालकांची कीर्ती अजून शिल्लक होती. पारनेरकडचा एक माणूस मोटारसायकलवरून एवढ्या लांब आला. त्याच्याकडे पलटी नांगर होता, मोबाईलमध्ये त्याचे फोटो होते. मालक किती तरी दिवसांनी ताठ बसले. चष्मा शोधला, पुसला, डोळ्यांवर चढवला. फोन घ्यायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"विकायचाय का वाटायचाय?" त्यांनी विचारलं.

"आं?"

"विकायचाय, का भावाभावांत वाटायचाय?"

"वाटनी चाललीय आमची," तो माणूस म्हणाला. "म्हनून तर आलो. किंमत कळली म्हंजे..."

मालकांनी हात मागे घेतला. फोटोकडे न बघता म्हणाले, "भंगार हाय."

"अहो, बघा तरी."

"बघायचं काय त्यात? किलोवर घाला, निम्मं-निम्मं करा. चहा घेनार का?"

त्यानं चहा घेतला. तो नाराज झाला होता, पेट्रोल वाया गेलं असं दोनदा म्हणाला. मोटारसायकलला किक मारली तशी मालक लगबगीनं ओट्यावरून उतरले, काकू बघत नाहीत असं बघून फाटकापर्यंत गेले आणि हळूच म्हणाले, "फोटो तेवढा पाठवून ठेवा माज्या मोबाईलवर. उगं, बघायला."